रंग फास्ट आहे का?

अकलूजच्या साखर कारखान्यातल्या टाइमकीपरची मुलगी रुद्राणी सोलापूरच्या चनमल्लप्पांच्या घरात सून म्हणून आली, ती इंग्रजीच्या जोरावर. मुलगी बघायला गेलेल्या चनमल्लप्पांनी ना तिला चालून दाखवायला सांगितलं, ना स्वयंपाकाचं विचारलं. कोटाच्या खिशातून घडी घातलेली रेल्वेची पावती काढली आणि म्हणाले, "पोरी, ह्यात काय लिवलंय तेवढं सांग." रुद्राणीनं घडाघडा वाचलं, अर्थही सांगितला. चनमल्लप्पांनी बायकोकडं, बसम्माकडं बघितलं. बसम्मानं मान हलवली आणि त्याच बैठकीत सुपारी फुटली.

त्यालाही कारण होतं. साखर पेठेच्या मागच्या बोळात चनमल्लप्पांचा चादरींचा कारखाना होता. पुढं माग, मागं परसात सूत रंगवायच्या भट्ट्या. माल असा, की एकदा आलेलं गिऱ्हाईक दुसरीकडं जायचं नाही. पण मुंबईहून इंग्रजीत तार आली, की ती वाचून घ्यायला पेठेतल्या वकिलाच्या ओट्यावर ताटकळत बसावं लागे. मुलगा सिद्धलिंगप्पा हुशार होता, पण त्याची सगळी हुशारी मागाच्या यंत्रात. इंग्रजीचं नाव निघालं, की त्याला तेलाची बुधली शोधायची आठवण व्हायची.

रुद्राणी आली आणि वकिलाचा ओटा सुटला. पेठेत चनमल्लप्पा छाती काढून सांगू लागले, "आमच्या घरात आता इंग्रजी नांदतीय." रुद्राणीला ते ऐकून बरं वाटायचं आणि धास्तीही वाटायची. पुस्तकातलं इंग्रजी तिला येत होतं. पण तोंडानं इंग्रजी बोलणारं माणूस अजून तिला भेटलं नव्हतं.

ते भेटलं चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणात, सोमवारी.

सकाळीच सासूबरोबर सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन ती परतली होती. दोघींचा उपवास होता. इतक्यात बोळात मोटार येऊन थांबली आणि मागोमाग पोरांचा गलका आला. मोटारीतून एक उंच, गोरी, पांढऱ्या केसांची बाई उतरली. तिचं नाव मिस डॉसन. विलायतेत तिचं हातमागाच्या कापडाचं दुकान होतं. तिच्याबरोबर मुंबईचा दलाल यायचा होता, पण त्याला सोलापूरची भजी बाधली आणि तो सात रस्त्याजवळच्या डाक बंगल्यात पोट धरून पडला. ड्रायव्हरला मराठी कळे, पण इंग्रजी 'यस' आणि 'नो'च्या पलीकडं नाही.

"सूनबाई," चनमल्लप्पांनी हाक मारली, "भाईर या. मड्डम आल्यात."

रुद्राणी पदर सावरत बाहेर आली. सिद्धलिंगप्पा सूत आणायला इचलकरंजीला गेलेला, म्हणजे सगळा भार तिच्यावरच. चनमल्लप्पा एकेक चादर उलगडत होते. लाल जमिनीवर काळा मोर, निळ्यावर पांढरी वेल. मड्डमनं लाल चादर हातात घेतली, उलटीपालटी केली, कड चोळून बघितली. चेहऱ्यावरून दिसत होतं, की तिला ती आवडलीय. मग तिनं रुद्राणीकडं बघून विचारलं, "आर द कलर्स फास्ट?"

फास्ट. रुद्राणीला हायसं वाटलं. हा शब्द तिला पाचवीपासून माहीत होता. घोडा फास्ट पळतो. पंढरपूरची एसटी फास्ट असेल, तर मधल्या थांब्यांवर थांबत नाही. ती सासऱ्यांकडं वळली.

"मामा, त्या विचारतायत, रंग लवकर जातो का?"

चनमल्लप्पांच्या कपाळाची शीर तटतटली. "लवकर? माणूस जाईल पर रंग न्हाई जायचा म्हणावं. नीट सांगा त्यांना."

रुद्राणीनं नीट सांगितलं. "नो मॅडम. नॉट फास्ट."

मड्डमच्या भुवया वर गेल्या. "नॉट फास्ट? आर यू शुअर?"

सासऱ्यांच्या मालावर शंका घेतलेली रुद्राणीला आवडली नाही. तिनं आवाज चढवून खात्री दिली, "यस मॅडम, शुअर. नेव्हर फास्ट. अवर कलर इज व्हेरी स्लो."

मड्डमनं लाल चादर हळूच गादीवर ठेवली. एकदा तिच्यावरून हात फिरवला. मग हात जोडून 'थँक्यू' म्हणाली, चहाला नको म्हणाली आणि मोटारीत जाऊन बसली. मोटार बोळातून मागं मागं सरकत निघून गेली.

चनमल्लप्पा उघड्या चादरींच्या ढिगात बसून राहिले. "एनातु?" त्यांच्या तोंडून कानडीच निघालं. "काय झालं? चांगली बघत व्हती की."

कुणालाच कळेना. तेवढ्यात परसातून रंगारी येडू हात पुसत आला. कोपरापर्यंत निळे हात, मिशीचा शेंडाही निळा. पाहुणी का गेली, काय विचारलं तिनं, म्हणून तो चौकशी करायला लागला. रुद्राणीनं जसं झालं तसं सांगितलं, आणि तो इंग्रजी शब्दही सांगितला.

येडू खाली बसला. "अक्का, फास म्हंजे पक्का की. रंगाच्या डब्यावर बी छापलेलं असतंय, फास कलर. मी तर पंधरा वर्सं तेच डबं फोडतुया."

"पण फास्ट म्हणजे तर लवकर," रुद्राणी म्हणाली. म्हणता म्हणताच तिला आपलं बोलणं आठवलं. नेव्हर फास्ट. व्हेरी स्लो. पक्का कधीच नाही, असं तिनं मड्डमला ठासून सांगितलं होतं. वर खात्री दिली होती.

ती उठून आत गेली आणि चुलीपाशी भिंतीला टेकून बसली. ज्या इंग्रजीसाठी आणलं, त्याच इंग्रजीनं दारात आलेलं गिऱ्हाईक घालवलं. आता पेठेत काय बोलतील, अकलूजला वडलांना कळलं तर त्यांना काय वाटेल. तिला रडू येईना, तेही बरं वाटेना.

बसम्मा आत आली. ही बाई एरवी फारशी बोलायची नाही. तिनं सुनेच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "रडायचं आसल तर रडून घे. मग ऊठ."

"आत्याबाई, मी घालवलं सगळं."

"तू घालवलंस तर तूच आण. ती काय इमानात बसून गेली न्हाई. मोटार सात रस्त्यावर हाय."

रुद्राणीनं तांब्या उचलला. मग तोंडावर पाणी मारून उठली. बाहेर येऊन सासऱ्यांना म्हणाली, "मामा, मी डाक बंगल्यावर जाऊन चूक सांगून येते."

"न्हाई," चनमल्लप्पा म्हणाले. ते चिडले नव्हते, पण त्यांचं मन दुखावलं होतं. "शब्दाची चूक हुती माणसाच्या हातनं. तुमास्नी मी काय बोललो का? पर माल घेऊन मी कुणाच्या दारात गेलो न्हाई, माझा बा बी गेला न्हाई. सोडून द्या."

"तुमी नका जाऊ," बसम्मा मागून म्हणाली. "आमी दोघी जातो." आणि तिनं ढिगातली ती लाल चादर उचलून काखेत मारली. बायकोनं असं परस्पर काही केल्याचं चनमल्लप्पांना आठवत नव्हतं. ते गादीवरून उठेपर्यंत दोघी टांग्यात बसल्या होत्या.

डाक बंगल्याच्या पायरीपाशी मोटारीत सामान चढत होतं. ड्रायव्हरनं सांगितलं, की मड्डम हैदराबादला निघालीय, तिकडचा माल बघणार आहे. रुद्राणीला वाटलं, दलालाला गाठावं. तो गुजराती असला तरी मराठी जाणतो, आपलं म्हणणं तो मड्डमला समजावून सांगेल. तिनं व्हरांड्यातल्या म्हाताऱ्या खानसाम्याला विचारलं. साहेबांच्या काळापासून तो इथं होता आणि त्याच्या बोलण्यात अजून त्यांचे शब्द होते.

"साब? साब तो फास्ट अस्लीप," खानसामा म्हणाला.

रुद्राणी दचकली. हा शब्द आज हात धुऊन तिच्या मागं लागला होता. "लवकर झोपले म्हणता?"

"नै बेटी. दवा खाके पक्की नींद में हैं. ढोल बजाव तो भी उठते नै."

पक्की. रंगही पक्का आणि झोपही पक्की. जी हलत नाही, सुटत नाही, ती फास्ट. येडूनं सांगितलं तेव्हा तिनं ते ऐकलं होतं, पण मनात घोडाच पळत होता. आता तो घोडा खुंट्याला बांधल्यासारखा उभा राहिला. तिचा जीव थोडा खाली पडला. दलाल नाही तर नाही. अर्थ आता तिचा तिला कळला होता.

मड्डम टोपी हातात घेऊन बाहेर आली आणि दोघींना बघून थांबली. रुद्राणीनं टांग्यात सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती, ती ऐनवेळी पार उडाली. उरलं ते तिनं सांगितलं, आपल्या इंग्रजीत, थांबत थांबत. मॅडम, माझी चूक झाली. रंगाची नाही, शब्दाची चूक. मला वाटलं फास्ट म्हणजे हे, आणि तिनं दोन बोटं हवेत पळवून दाखवली. तुम्ही विचारलंत ते हे, आणि तिनं मूठ घट्ट आवळून दाखवली. आमचा रंग पळत नाही. आमचा रंग असा आहे.

मड्डमनं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण विश्वासही नव्हता. ती सावकाश, एकेक शब्द सोडवून बोलली, म्हणजे रुद्राणीला कळावं. सकाळी तुम्ही म्हणालात फास्ट नाही, आता दुपारी म्हणता फास्ट आहे. गेल्या वर्षी एकानं मला असंच सांगितलं होतं. त्याच्या लाल चादरींनी माझ्या गिऱ्हाइकांच्या पांढऱ्या अंथरुणांचा सत्यानाश केला. मी शब्दावर कशी जाऊ?

सगळं नाही, पण मुद्दा रुद्राणीला नेमका कळला. आणि तो तिला पटलाही. तिच्या जागी आपण असतो, तर आपणही मोटारीत बसलो असतो.

"काय म्हणती?" बसम्मानं विचारलं.

"शब्दावर विश्वास नाही म्हणतायत."

"मग पाण्यावर ठेवायला सांग."

रुद्राणी वळली. "मॅडम, नो वर्ड. वॉटर. बॉइलिंग वॉटर." तिनं खानसाम्याला मोठं पातेलं आणि साबण मागितला. मग मड्डमपुढं हात केला. "गिव्ह मी युवर व्हाइट क्लॉथ."

मड्डमनं थोडा विचार केला आणि खिशातून रुमाल काढला. बसम्मानं तो चिमटीत धरून बघितला आणि परत दिला. "रुमालानं काय हुतंय? बरं मोठं काय तरी द्या म्हणावं. जे खराब झालं तर हिच्या जिवाला लागंल असं."

रुद्राणीनं ते जमेल तसं सांगितलं. मड्डमचे ओठ किंचित हलले. ती ड्रायव्हरला थांबायला सांगून आत गेली आणि एक पांढराशुभ्र सदरा घेऊन आली, उंची, बारीक सुताचा. आईनं शिवलेला आहे, असं ती म्हणाली. ते ऐकून रुद्राणीनं सासूकडं बघितलं, पण आता माघार कुठली.

स्वयंपाकघराच्या मागं चूल होती. पाण्याला आधण आलं तशी बसम्मानं लाल चादर त्यात बुडवली, वरून पांढरा सदरा घातला, साबणाचा चुरा टाकला आणि काठीनं दाबलं. मड्डम खुर्ची मागवून समोरच बसली. ड्रायव्हर आला, खानसाम्याची बायको आली, माळीही आला.

खानसाम्यानं चहाबिस्किटं आणली. मड्डमनं बशी रुद्राणीपुढं केली. रुद्राणीनं हात जोडले. उपवासाला इंग्रजीत काय म्हणतात, ते तिला पक्कं ठाऊक होतं, शाळेच्या धड्यात होतं. पण तो शब्द ओठांवर आला आणि ती मध्येच अडली.

"नो मॅडम," ती म्हणाली. "टुडे आय अॅम... फास्ट."

मड्डमनं कप खाली ठेवला. "यू आर फास्ट?"

"यस. मंडे. गॉड्स फास्ट. नो ईटिंग." तिनं सासूकडं बोट दाखवलं. "शी इज ऑल्सो फास्ट."

मड्डमनं स्थूल, संथ बसम्माकडं बघितलं. काठी धरून ती चुलीपाशी डोंगरासारखी बसली होती. मड्डमला हसू आवरेना. ती खुर्चीत मागं रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बसम्मानं सुनेला विचारलं, "का हसती ग?" रुद्राणीनं सांगितलं, की आपला उपवास आणि आपला रंग, दोन्हीला इंग्रजांचा एकच शब्द आहे. बसम्मा म्हणाली, "बरोबरच हाय की. दोन्ही मोडायचं न्हाई."

रुद्राणीनं तेही इंग्रजीत सांगितलं, तुटकं तुटकं. मड्डमचं हसू थांबलं. ती बसम्माकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागली.

पण त्याच वेळी पातेल्यातलं पाणी बदललं. रुद्राणीनंच आधी बघितलं. स्वच्छ पाणी गढूळ व्हायला लागलं होतं, मातकट, तांबूस झाक असलेलं. ही चादर कुठल्या खेपेची? येडूच्या हाताखाली मध्ये एक नवा माणूस होता, त्यानं रंगवलेलं सूत तर नसेल? मड्डमही पुढं वाकली. माळी हळूच म्हणाला, "गेला वाटतं."

"कुटं जातोय," बसम्मा जागची न हलता म्हणाली. "खळ हाय ती. सुताला लावलेली खळ सुटती, पाणी गढूळ हुतं, लाल चादरीमुळं तांबडं दिसतं. सून माझी उसाच्या गावची हाय, तिला कसं ठावं असंल?" तिनं पातेल्यातलं पाणी ओतलं आणि दुसरं आधणाचं पाणी घ्यायला लावलं. परत साबण, परत काठी. पातेल्याखालचा जाळ तिनं वाढवला.

ह्या खेपेला पाणी पाण्यासारखंच राहिलं. वाफ चढत राहिली, फेस वर आला, खाली बसला.

"बघ आता," बसम्मा शेवटी म्हणाली आणि काठी सुनेच्या हातात दिली.

रुद्राणीनं काठीनं सदरा उचलला. गार पाण्यात बुडवला, पिळला आणि दोन्ही बाह्या धरून झटकला. फटकन आवाज झाला. उन्हात धरलेला सदरा इतका पांढरा होता, की तिला डोळे बारीक करावे लागले. कॉलर, शिवणी, काजं, कुठंही गुलाबी ठिपका नाही. मड्डमनं तो हातात घेतला, उलटा केला, शिवणीच्या आत बघितलं. मग तिनं चादर मागितली. लाल रंग तसाच जळजळीत होता. उलट खळ गेल्यानं काळा मोर जास्तच उठून दिसत होता.

"इट इज फास्ट," मिस डॉसन म्हणाली.

"यस मॅडम," रुद्राणी म्हणाली. "कलर इज फास्ट. ओन्ली माय इंग्लिश इज स्लो."

मड्डमनं ओला सदरा खांद्यावर टाकला आणि दोन्ही हातांनी रुद्राणीचे हात धरले. मग ड्रायव्हरला सामान उतरवायला सांगितलं. हैदराबाद उद्यावर गेलं, आणि पुढं ते राहिलंच.

परतीच्या टांग्यात रुद्राणीला हुंदका फुटला. बसम्मानं तिला रडू दिलं. बाळीवेशीपाशी आल्यावर फक्त एवढं म्हणाली, "मला बी भ्या वाटलं हुतं, पाणी गढूळ झालं तवा."

"तुम्हाला? तुम्ही तर हलला नाहीत."

"हलून काय करू? गोऱ्या बाईसमोर?"

मग त्या दोघी टांग्यात अशा हसल्या, की टांगेवाल्यानं दोनदा मागं वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मोटार परत बोळात आली. ह्या वेळी दलालही होता, फिक्कट, पण उभा. त्यानं बोलायला तोंड उघडलं, तर मड्डमनं हातानं त्याला थांबवलं आणि रुद्राणीकडं बघितलं. सगळं बोलणं रुद्राणीच्या तोंडून झालं. जिथं शब्द अडला, तिथं तिनं लाज न बाळगता विचारलं, "मॅडम, व्हिच मीनिंग?" येडूला परसातून बोलावून आणलं, तेव्हा मड्डमनं त्याच्या निळ्या हातांशी हात मिळवला आणि आपला तळवा उलटा करून बघितला. त्याला काही लागलेलं नव्हतं. येडू मान ताठ करून परत गेला.

चनमल्लप्पा सगळा वेळ गादीवर बसून होते. मागणी एवढी होती, की शेजारच्या बोळातले बंद पडलेले मागही धरायला लागणार होते. मोटार गेल्यावर त्यांनी उलगडलेल्या चादरींच्या घड्या घातल्या. मग बसम्माला म्हणाले, "तुमी गेलात ते बरं केलंत." आयुष्यात त्यांनी बायकोला असं म्हणायची ही पहिलीच वेळ असावी, कारण बसम्मा लगबगीनं आत गेली.

मार्गशीर्षात पहिल्या गासड्या मुंबईच्या बंदराकडं रवाना झाल्या. सिद्धलिंगप्पानं गासड्यांवर काळ्या शाईनं इंग्रजी अक्षरं उमटवली, बायकोनं आखून दिली तशी. मग विलायतेहून तार आली, की सगळा माल गेला, आणखी पाठवा. पेठेतल्या वकिलानं स्वतःहून ओट्यावरून हाक मारून विचारलं, "काय म्हणतेय विलायत?"

होळीच्या सुमारास मुंबईहून रंगाच्या एका कंपनीचा विक्रेता कारखान्यात आला. बूट, टाय, हातात चामडी बॅग. दारातूनच त्यानं विचारलं, "मालक कुठं आहेत?"

चनमल्लप्पा कोपऱ्यात खुर्चीवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्त्यानंच गादीकडं खूण केली. गादीवर रुद्राणी बसली होती, समोर सुताच्या लडी आणि शेजारी इंग्रजी शब्दकोश.

"त्या काय, समोरच बसल्यात," चनमल्लप्पा म्हणाले. "बोला त्यांच्याशी."

विक्रेता जरा गोंधळला, मग बूट काढून आत आला. रुद्राणीनं त्याला बसायला जागा करून दिली आणि परसाच्या दारातून आत हाक दिली, "येडूदादा, आधण ठेवा. ह्यांचा रंग बघायचाय."